गावाच्या इतिहासात आठवणींची जागा कोणती?

खारबांध (उरण):
नवी मुंबईसाठी 1970 पासून ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांची जमीन संपादित करण्याचे ठरले. त्याविरुद्धच्या लढ्यात 16 व 17 जानेवारी 1984 रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. आमच्या भागात या काळाविषयी एक पुस्तिका तयार होत आहे. संपादकांपैकी काहींचा आग्रह असा, की मुख्य मजकूर भूसंपादनाचे निवाडे, सातबारा उतारे आणि तत्कालीन बातम्यांवरच उभा राहावा व वृद्धांच्या आठवणी परिशिष्टात जाव्यात. मला हे मुळीच मान्य नाही. सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव असते. मिठागरात राबणारा मजूर किंवा खाडीवर पोट असलेली कोळीण त्यावर सापडत नाही. निवाड्यात क्षेत्र आणि मोबदला मिळतो, पण भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून साऱ्या गावाने मिळून बांध कसा राखला आणि उघाडी (बांधातील पाण्याचे दार) कोणी सांभाळली, हे ज्यांनी ते केले त्यांच्याच तोंडून कळते.

पनवेलकर:
आपली तळमळ पोहोचली, पण निष्कर्ष धोक्याचा वाटतो. नवी मुंबईच्या विमानतळाला याच लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे यासाठी जून 2021 मध्ये बेलापूरला मोठे आंदोलन झाले. त्यानंतर 1984 विषयी बोलणारा माणूस, अगदी प्रामाणिक असला तरी, नंतरचा अभिमान आणि नंतरची घोषणा आधीच्या दिवसात मिसळतो. शिवाय साडेबारा टक्के भूखंडाच्या (संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या विकसित भूखंडाच्या) प्रकरणात ज्यांना न्याय हवा असतो, त्यांना आठवण नव्हे, खात्याचा क्रमांकच उपयोगी पडतो. मुख्य मजकुरात आठवण शिरली, की उद्या कोणीही हवे ते लिहील आणि त्याला हरकत घेणे म्हणजे गावाचा अपमान ठरेल.

कळव्याचा वाचक:
कागद म्हणजे पुरावा, हे गृहीतकच तपासायला हवे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे 1816 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यातील इंग्रजांच्या कैदेतून निसटले. एका मोतद्दाराने (घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराने) गाणे गात त्यांच्यापर्यंत बेत पोहोचवला, ही प्रसिद्ध हकिकत कलकत्त्याचे इंग्रज बिशप हेबर यांच्या प्रवासवर्णनात आहे. पण हेबर मुंबईत आले ते त्यानंतर सुमारे नऊ वर्षांनी. म्हणजे छापील पानावर आलेली ती ऐकीव गोष्टच. घटनेपासून किती अंतरावर आणि कोणाच्या सोयीने लिहिले गेले, हा प्रश्न निवाड्यालाही विचारावा लागतो, कारण तो जमीन घेणाऱ्या बाजूने लिहिलेला असतो.

पनवेलकर:
हेबरचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ते ऐकीव आहे हे आपल्याला तारखा ताडून पाहता आल्या म्हणूनच कळले.

खारबांध:
ताडून पाहण्याला माझा विरोध नाही, माझा विरोध परिशिष्टाला आहे. प्रत्येक आठवणीसोबत सांगणाऱ्याचे तेव्हाचे वय, तो घटनास्थळी होता की घरी, आणि मुलाखत कोणत्या वर्षी घेतली हे छापावे. कागदाशी विसंगती आली तर दोन्ही त्याच पानावर ठेवावे. गोळीबाराच्या वेळी तरुण असलेली माणसे आज साठीच्या पुढे आहेत. निवाडे अभिलेखागारात आणखी पन्नास वर्षे राहतील, म्हणून मुलाखती आधी घ्याव्यात असे मी संपादकांना लेखी कळवत आहे.