वापरलेला डीएसएलआर: नुसता शटर काउंट बघू नका

वापरलेल्या कॅमेऱ्याचा शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत झालेल्या क्लिकचा आकडा, कमी असेल तर डोळे झाकून घ्या, असा सल्ला दिला जातो; तो मला पटत नाही. निकॉन डी७२०० चं शटर कंपनीने १,५०,००० क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. त्यातले ४०,००० झालेला, पण नियमित वापरातला कॅमेरा मी वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेल्या ५,००० वाल्याच्या आधी घेईन. कारण बुरशी: पडून राहिलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये ती धरू शकते. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडा आणि मागून टॉर्चचा उजेड तिरका टाकून आत बघा. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले, तर किंमत कितीही उतरू दे, ती लेन्स नको. धुळीचे दोन-चार कण असले तर बिघडत नाही, फोटोत ते सहसा दिसतही नाहीत.

सेन्सरवरचे (कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या भागावरचे) डाग एफ/१६ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर बरंच लहान करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की कळतात. ते बहुतेक वेळा साफ होतात.

आणि स्वस्तात मिळणाऱ्या निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स (यांच्यात स्वतःची फोकस मोटर नसते) वापरायच्या असतील, तर आधी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बघा. निकॉनच्या डी३४००, डी५६०० मध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे या लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात. डी७२०० मध्ये ती आहे, म्हणून त्याला थोडे जास्त पैसे पडले तरी मी तोच घ्या म्हणेन.