विषय: उत्तर: उत्तर: शाळेमागचा प्लॉट आणि गुरुवारचं डिझाइन रिव्ह्यू

मंडळी नमस्कार,

शाळेच्या मागे तो रिकामा प्लॉट आहे ना, दोन मोठे ओक आहेत तो, तिथे परवा पाटी लागलीय. जोडघरं येतायत आणि गुरुवारी संध्याकाळी डिझाइन रिव्ह्यूची, म्हणजे कमिटी ड्रॉइंगं तपासते त्याची, मीटिंग आहे. ड्रॉइंगं जोडलीत, फाइल भलीमोठी आहे, सॉरी. मी पहिली चारपाच पानं बघितली, चित्र तर झकास आहे, झाडंच झाडं, सायकलवर मुलगी, बाकावर आजोबा, मग विरोध नक्की कशाला करायचा तेच कळेना. शेजाऱ्यांमध्ये एक तयार मजकूर फिरतोय, "आमचा या प्रकल्पाला विरोध आहे" एवढंच, खाली नाव टाका आणि पाठवा म्हणतात. पाठवायचा का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज लिहा.

सु.

---

> पाठवायचा का?

नको पाठवूस गं. मी लँडस्केपची ड्रॉइंगं काढून पोट भरते, म्हणजे अशा मीटिंगांना मी टेबलाच्या पलीकडे बसलेली असते, त्यामुळे अनुभवाने सांगते की तो मजकूर चाळीस जणांनी पाठवला तरी कमिटीच्या लेखी तो एकच कागद. घरं यावीत की नाही हे बहुतेक वेळा झोनिंगमध्येच (कुठल्या जागेवर काय बांधायचं त्याच्या नियमांत) ठरून गेलेलं असतं, डिझाइन रिव्ह्यूवाल्यांना ते बदलता येत नाही. त्यांच्या हातात काय असतं तर घरांचं तोंड कुठे, गॅरेजची दारं रस्त्यावर येतात का, पाणी कुठे वाहून जातं, दिवे, कुंपण आणि झाडं. त्यावर बोललं तर ऐकतात.

आणि ते चित्र बघूच नकोस. चित्रातली झाडं वीस-पंचवीस वर्षांची असतात, प्रत्यक्षात ट्रकमधून उतरतं ते मनगटाएवढ्या खोडाचं, काठीला बांधलेलं. (आम्हीच काढतो ती चित्रं, आम्हाला माहितीये.) शेवटी जी कंटाळवाणी पानं असतात ना, ती उघड. एक लँडस्केपचं पान आणि एक पाइपलाइनचं. दोन्ही वेगवेगळ्या ऑफिसांत वेगवेगळ्या माणसांनी काढलेली असतात आणि एकमेकांवर ठेवून बघायला कोणालाच वेळ झालेला नसतो. ती दोन प्रिंट काढून खिडकीच्या काचेवर एकावर एक धर. ओकच्या जवळनं काही जातंय का ते बघ.

जवळ म्हणजे किती, तर छातीच्या उंचीवर खोडाची जाडी मोजायची आणि तिच्या बारापट अंतर सगळीकडनं सोडायचं. खोड ६० सेंटिमीटर जाडीचं असेल तर ७ मीटरच्या थोडं पुढे. हे मी मनचं सांगत नाहीये, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन स्टँडर्डमध्ये हाच हिशोब आहे आणि अमेरिकेत एका इंचाला एक फूट म्हणतात म्हणजे तेही बारापटच झालं. लोकांना वाटतं मुळं खाली खोल जातात, वर जेवढं झाड तेवढंच खाली. तसं नसतं. बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीत असतात आणि आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर.

ताई

---

सगळ्यांना,

मी जरा उलटं बोलणार आहे, रागावू नका. आपण सगळे ज्या कॉलन्यांमध्ये राहतोय तिथे आपल्याआधी काय होतं? शेतंच होती ना? तेव्हाही कोणीतरी झाडांचं नाव पुढे करून मीटिंगला उभं राहिलं असेल. आता आपली मुलं, नवीन आलेली जोडपी, यांना भाड्याने घर मिळेना झालंय, आणि आपण ज्यांची घरं झाली ते ओक ओक करत बसलोय. झाडाच्या आडून "नवीन लोक नकोत" असं म्हणायचं असेल तर त्यात माझं नाव घालू नका.

दे. काका

---

काका, अजिबात रागावले नाही, तुमचं अर्धं मला मान्य आहे. अर्धं का, तर घरं आणि झाडं यांचं भांडण आहे असं तुम्ही धरून चाललायत. झाडाचा खरा शत्रू आहे ड्राइव्हवे. सुटी सुटी घरं घेतली की प्रत्येकाला दोन गाड्यांचा रस्ता हवा, मग रस्त्याकडेची हिरवी पट्टी चार चार मीटरला तुटते आणि मोठ्या झाडाला हवी तेवढी सलग माती कुठेच उरत नाही. तेवढीच घरं एकमेकांना चिकटवून, गॅरेज मागच्या गल्लीतनं दिलं, तर पुढची पट्टी सलग राहते. म्हणजे जोडघरं आहेत ते चांगलंच आहे, मी तर म्हणेन अजून चार वाढवा आणि पार्किंग मागे न्या.

दुसरं म्हणजे माती. नुसतं ओक ठेवणार असं लिहिलंय म्हणून ओक राहत नाही. जड मशीन मुळांवरनं गेलं की माती धुमस केल्यासारखी दबते, तिच्यातल्या हवेच्या पाण्याच्या फटी बुजतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या दोनचार फेऱ्यांतच होतं. झाड लगेच मरत नाही हाच घोटाळा आहे, साठवलेल्या अन्नावर तीन वर्षं, पाच वर्षं काढतं, शेंड्याकडनं वाळत येतं, तोवर बिल्डर गेलेला असतो आणि नवीन राहायला आलेला माणूस म्हणतो आमच्याच झाडाला रोग लागला. म्हणून झाडाभोवतीचं कुंपण पहिलं मशीन यायच्या आधी हवं, नंतर नाही. आणि खोडाभोवती भर घालायची नाही, त्यानेही मुळं गुदमरतात.

झाडांची यादीही बघितली मी. रस्त्याला एकच जात, सगळी एका ओळीत, फोटोत छान दिसतात. एकेकाळी एल्म असेच ओळीने लावले आणि एल्मचा रोग आला तेव्हा रस्तेच्या रस्ते उघडे पडले. मग उत्तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जागी ॲश लावले, आणि २००२ मध्ये तिथे तो हिरवा भुंगा सापडला, त्याने कोट्यवधी ॲश खाल्ले. तीच चूक दोनदा! फ्रँक सँटामोर म्हणून झाडांचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९९० मध्ये साधा नियम सांगितला: एक जात १० टक्क्यांच्या वर नको, एक प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट, जसे सगळे मेपल) २० च्या वर नको, एक कुळ ३० च्या वर नको. अगदी काटेकोर नाही जमलं तरी चालेल, पण या यादीत ७० टक्के एकच मेपल आहे.

ताई

---

ताई,

तुमची मेल वाचून काल रात्री खरंच काचेवर धरून बघितलं, बायको म्हणाली काय चाललंय. पावसाच्या पाण्याची लाइन दोन ओकच्या मधोमध जातेय. पूर्वेकडच्या ओकपासनं मोजलं तर अडीच मीटर. आणि लँडस्केपच्या पानावर त्याच झाडापुढे लिहिलंय "जतन करणार". हसावं की रडावं. एक तर खोटं बोलतायत किंवा एकमेकांशी बोलतच नाहीत, मला दुसरं वाटतं. गुरुवारी मी येतो बोलायला, पण तीन मिनिटं देतात म्हणे, त्यात काय काय बसवणार?

दे. काका

---

काका तुम्ही बोललात तर माझ्यापेक्षा जास्त ऐकतील, माझा धंदाच आहे हे त्यांना माहितीये. पान नंबर सांगा आणि गप्प बसा, पानं उलटायला वेळ द्या त्यांना. मग दोनच वाक्यं: लाइन हलवा नाहीतर तेवढ्या भागात चर खणू नका, मुळांच्या खालनं बोअर करून पाइप न्या. कुंपणाची जागा ड्रॉइंगवर दाखवा आणि ते मंजुरीच्या अटीत लिहा. "सौंदर्य", "आपला वारसा" वगैरे शब्द कृपया नकोत, त्यावर सगळे माना डोलावतात आणि काहीच होत नाही. यादीचं मी बोलते.

ताई

---

मंडळी,

मीटिंग झाली. काका मस्त बोलले, मधेच चष्मा सापडेना तेवढा अर्धा मिनिट गेला. कमिटीतल्या एका बाईंनी दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि बिल्डरच्या माणसाला विचारलं, हे तुम्ही आधी बघितलं होतं का? तो म्हणाला तपासून सांगतो. पाइप पश्चिमेकडनं फिरवणार आहेत, म्हणजे पूर्वेचा ओक सुटला. पश्चिमेच्या ओकचं मात्र काही खरं नाही, तिथे अर्ध्या मुळांवर बिल्डिंगचा पाया येतो आणि तो हलवायला ते तयार नाहीत, ताई म्हणतात तो आता उभा ठेवण्यापेक्षा आधीच काढलेला बरा. मला वाईट वाटलं खूप. यादीत सहा जाती करून आणतो म्हणाले. गॅरेज पुढेच राहणार, त्यावर कोणीच ऐकलं नाही.

कुंपणाची अट लिहून घेतलीय. पण ते वेळेवर लागलं की नाही हे बघायला ऑफिसचं कोणी रोज येणार नाही, ते आपल्यालाच बघावं लागेल. मी सकाळी सातला निघते, तेव्हा अंधार असतो. शाळेत मुलं सोडायला जाणाऱ्यांपैकी कोणी सोमवारपासून एक फोटो काढून टाकेल का? दोन नावं हवीत.

सु.

---

माझं एक लिही.

दे. काका