नववीतल्या मुलीने पदवीच्या पातळीचा भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम घ्यावा का?

प्रश्न : पालक, राजारामपुरी
नमस्कार. माझी मुलगी मराठी माध्यमात नववीत शिकते. ‘गतीचे नियम’ हा धडा झाल्यापासून तिचा एकच प्रश्न आहे: वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, तर ज्या क्षणात वेळच सरत नाही त्या क्षणाचा वेग काढायचा कसा? हे पुढे अकरावी-बारावीत येईल, असे तिला शाळेत सांगण्यात आले. पण तिला तेवढे थांबायचे नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरचा पदवीच्या पहिल्या वर्षाचा यांत्रिकीचा (गती आणि बल यांच्या शास्त्राचा) अभ्यासक्रम तिने स्वतः शोधून काढला आहे. नाव नोंदवू द्यावे का, आणि त्या प्रमाणपत्राचा अकरावीच्या प्रवेशाला उपयोग होतो का?

उत्तर : निवृत्त प्राध्यापक
ताई, प्रश्न फार मोलाचा आहे, तो विझू देऊ नका. मात्र यांत्रिकीची व्याख्याने कलनशास्त्र (कॅल्क्युलस, म्हणजे क्षणोक्षणी होणाऱ्या बदलाचे गणित) येते असे गृहीत धरूनच सुरू होतात, त्यामुळे मुलगी दुसऱ्याच आठवड्यात अडेल आणि आपल्यालाच जमत नाही अशी तिची समजूत होईल. आधी तिला वही घेऊन बसवा. वरून सोडलेला दगड t सेकंदांत ४.९ × t² मीटर पडतो, हे सूत्र द्या. २ ते २.१ सेकंदांतला सरासरी वेग तिने स्वतः काढावा: २०.०९ मीटर प्रतिसेकंद येईल. २ ते २.०१ मध्ये १९.६४९, आणि २ ते २.००१ मध्ये १९.६०४९. संख्या कुठे सरकत चालल्या आहेत हे तिला हाताने आकडेमोड करताना दिसले, की अवकलज (एखाद्या क्षणीचा बदलाचा दर) म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. त्यानंतर अकरावी-बारावीच्या गणितातले सीमा (संख्या ज्या किमतीकडे सरकत जातात ती) आणि अवकलन (अवकलज काढण्याची रीत) हे भाग चार-सहा महिने सावकाश करावेत आणि मगच व्याख्यानांकडे वळावे.

उत्तर : बी.एस्सी. विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर
मी अकरावीत असताना असाच १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला होता. नावनोंदणी आणि व्याख्याने विनामूल्य असतात, शुल्क लागते ते फक्त परीक्षेला. अंतिम गुणांत साप्ताहिक स्वाध्यायांचा वाटा २५ टक्के आणि परीक्षेचा ७५ टक्के असतो. माझी सहामाही आणि स्वाध्यायांच्या मुदती एकाच वेळी आल्या, आणि सलग तीन स्वाध्याय राहून गेले. म्हणून पहिल्या खेपेस परीक्षेचा अर्ज भरू नये, नुसते ऐकावे आणि गणिते सोडवावीत, असे मी मनापासून सुचवेन. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, तिथे हे प्रमाणपत्र मोजले जात नाही. व्याख्याने इंग्रजीत असल्याने सुरुवातीला आपण शेजारी बसलात, तर तिला बराच आधार होईल.

पालक, राजारामपुरी
सर, आपण सांगितलेला तक्ता तिने काल रात्री पूर्ण केला आणि पुढे २.०००१ चीही ओळ स्वतःहून जोडली. आता ती विचारते आहे की या संख्या १९.६ पर्यंत खरोखर पोहोचतात, की केवळ जवळ जात राहतात. नावनोंदणी सध्या थांबवली आहे. अकरावीचे गणिताचे पुस्तक उद्या आणते.