मुळाक्षरं पाठ, पण शब्द जोडता येत नाही (वय साडेचार) – मदत हवी आहे

मुलगी अ ते ज्ञ तक्ता न अडखळता म्हणते. 'घर' लिहून दाखवलं की मात्र 'घड्याळाचा घ, रथाचा र' म्हणून थांबते. क्रम सोडून विचारलं तर भ-म आणि घ-ध यांत गोंधळ होतो. रोज पंधरा मिनिटं देता येतील. कोणते खेळ घ्यावेत?

प्रतिसाद १
तक्ता काही दिवस उतरवून ठेवा, कारण ती चालीवर म्हणते आहे. आधी आठवडाभर फक्त कानाचा खेळ घ्या. तुम्ही तुटक बोलायचं, 'न... ळ', 'क... प', आणि तिने ती वस्तू दाखवायची. मग तिने बोलायचं, तुम्ही शोधायचं. हे जमल्याशिवाय कार्डं काढू नका.

नंतर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर म, ग, र, न, ब, स एवढीच अक्षरं लिहा. चित्र नको, चित्र असलं की मूल अक्षराकडे बघतच नाही. 'मगर' मांडा. तीच कार्डं फिरवून 'गरम' करा, ग काढून पहिल्या जागी न ठेवला की 'नरम'! एक कार्ड बदललं की शब्द बदलतो, हे तिला स्वतःच्या हातांनी कळू द्या.

'बस' वाचताना मुलं 'बऽसऽ' असं दोन्हीकडे ओढतात आणि शब्द ओळखूच येत नाही. शेवटचं अक्षर तुम्ही तोडून म्हणून दाखवा.

प्रतिसाद २
भ-म, घ-ध दोन्ही जोड्यांची खूण एकच आहे. म आणि घ यांच्या डोक्यावरची रेघ अखंड, भ आणि ध यांची डावीकडे तुटलेली. ताटात रवा पसरून बोटाने गिरवताना ती फट मुद्दाम मोठी ठेवा. जोडीतलं एक अक्षर पक्कं होईपर्यंत दुसरं आणू नका.

मूळ प्रश्नकर्ती
धन्यवाद! बाराखडी कधी सुरू करू?

प्रतिसाद १
पंधरा-वीस साधे शब्द सहज वाचू लागली की. पण सबंध बाराखडी घोकून घेऊ नका, तिचाही तक्ता होईल. आधी फक्त काना. पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर तो काढा आणि कार्डांमध्ये सरकवा: रस-रास, मन-मान, गर-गार. मग दुसरी वेलांटी. पहिली वेलांटी बरीच नंतर, कारण ती अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार मात्र नंतर येतो.

प्रतिसाद २
आणि कानाच्या खेळात 'चहा' आणि 'चमचा' एका गटात घालू नका. अक्षर एक असलं तरी उच्चार दोन आहेत, आणि मुलांना तो फरक स्पष्ट ऐकू येतो.