मदत हवी आहे: एटीएम सेल जातात, पण पलीकडे फ्रेम जुळत नाही

निळीवायर: चार दिवस यातच गेलेत. एटीएम म्हणजे बँकेचं नाही, ठरावीक मापाच्या छोट्या सेलमधून डेटा नेणारं नेटवर्क. त्याच्या चिपचा ट्रान्समिट (पाठवणारा) भाग व्हेरिलॉग या हार्डवेअरच्या भाषेत लिहिलाय. बफरमधून फ्रेम उचलायची, ४८-४८ बाइटांचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला ५ बाइटांचं हेडर लावून सेल पुढे ढकलायचा. सेल जातात, पलीकडचा काउंटर वाढतो, तरी फ्रेम कधी जुळते, कधी नाही. सोमवारी दाखवायचंय. काय चुकतंय?

उंबरठा: कधी म्हणजे नेमकं कधी? फ्रेमची लांबी किती? एएएल (फ्रेम सेलमध्ये बसवायची पद्धत) कोणतं? एवढ्यावरून कोण काय सांगणार?

काळाडबा: आधी एचईसी, म्हणजे हेडरमधली चूक पकडणारा बाइट बघा. हेडरच्या पहिल्या ४ बाइटांवर सीआरसी-८ (तपासणीचा आकडा) काढला की त्याला हेक्स ५५ (सोळाच्या पायातला आकडा) ने बिटागणिक एक्सॉर करावं लागतं. मी विसरलो होतो, आठवडा गेला.

उंबरठा: एचईसी चुकला असता तर त्याच्यावरून सापडणारी सेलची हद्दच सापडली नसती. काउंटर हललाच नसता.

काळाडबा: एका बिटाची चूक रिसीव्हर स्वतः दुरुस्त करतो, हे धरलंत का?

उंबरठा: करतो, पण एकदाच. लागोपाठच्या सेलमध्ये पुन्हा चूक दिसली की तो सेल टाकून देतो. इथे सेल पोचताहेत.

पाऊलवाट: ४८ हा आकडा आला कुठून, तेही बघण्यासारखं आहे. युरोपला ३२ हवे होते, अमेरिकेला ६४, म्हणून मधला घेतला. ६४ केबीपीएसच्या (सेकंदाला ६४ हजार बिट) आवाजाने ४८ बाइट भरायला ६ मिलिसेकंद जातात. सेल मोठा केला की फोनवर प्रतिध्वनीचा त्रास वाढतो.

निळीवायर: इतिहास नंतर, प्लीज. एएएल-५ च आहे, मला वाटलं ते कळेलच. ४० आणि ६० बाइटांची फ्रेम जाते. ४४ आणि ९२ ची जात नाही. ४४ वाल्या सेलचे शेवटचे चार बाइट अ‍ॅनालायझरवर असे दिसतात: ०० ०० ०० २सी.

काळाडबा: मग स्क्रॅम्बलर (बिट मुद्दाम विस्कटणारा भाग) असेल.

रेघोटी: स्क्रॅम्बलर असता तर ४० ची तरी कशी गेली असती? ते २सी बघा. हेक्स २सी म्हणजे ४४, म्हणजे ती लांबी आहे. त्या जागी सीआरसी-३२ हवा. फ्रेमच्या शेवटी लागणारा ट्रेलर ८ बाइटांचा असतो. त्यातले रकाने: यूयू १, सीपीआय १, लांबी २, सीआरसी ४. तुमचा अर्धाच मावला, उरलेला गळला. सेल किती लागणार ते कसं काढता?

निळीवायर: लांबी अधिक ४७, भागिले ४८, अपूर्णांक सोडून. ते बरोबरच आहे.

रेघोटी: नाही. ट्रेलरचे ८ आधी मिळवा. ४४ अधिक ८ म्हणजे ५२, म्हणजे दोन सेल. पहिल्यात डेटा ४४ आणि ४ शून्यं, दुसऱ्यात ४० शून्यं आणि अगदी शेवटी ट्रेलर. सीआरसी त्या शून्यांसकट काढायचा. पीटीआयमधला (हेडरमधला सेलचा प्रकार सांगणारा भाग) शेवटच्या सेलचा बिट दुसऱ्या सेलवर लावायचा. ४१ ते ४८ आणि ८९ ते ९६ या सगळ्या लांब्या तुमच्याकडे पडत असणार.

निळीवायर: ४४ गेली! ९२ पण. पीटीआयचा बिट मी डेटा संपल्याच्या सिग्नलवर बांधला होता, तोही हलवावा लागला. आता ४१ पासून एकेक लांबी पाठवून बघतोय.