ध्यानासाठी डोंगरउतारावर लहान कुटी : जागा, भिंती आणि छप्पर यांविषयी सल्ला हवा आहे

डोंगरवाट :
संगमेश्वर तालुक्यात आमची वडिलोपार्जित काजूची बाग आहे आणि तिच्या माथ्यावरून पूर्वेला सह्याद्रीची रांग दिसते. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचे शिबिर केल्यापासून रोजची बैठक मी नेमाने सांभाळतो आहे. आता वर्षातून दोन-तीनदा आठवडाभर एकट्याने राहून ध्यान करता यावे, त्यातला एक मुक्काम भर पावसाळ्यात व्हावा, यासाठी १० बाय १२ फुटांची कुटी बांधण्याचे मनात आहे. वीजजोडणी घ्यायची नाही, एकही झाड तोडायचे नाही आणि सिमेंट शक्य तितके टाळायचे, एवढे ठरलेले आहे. माथ्यावर सपाटी करून पूर्वेला पूर्ण काचेची भिंत, उरलेल्या तिन्ही भिंती बांबूच्या आणि वर पत्रा, असा आराखडा मी काढला होता. परंतु गावातल्या गवंड्यांना तो पसंत पडला नाही. उताराच्या मध्यावर आमच्या जुन्या गोठ्याचे जोते अजून शाबूत असून पडलेल्या भिंतींचे चिरेही (जांभ्या दगडाचे घडीव ठोकळे) तेथेच आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चिरेबंदी :
गवंड्यांचे म्हणणे मानावे, असे मी आग्रहाने सांगेन. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही. नैर्ऋत्येकडून येणारी झड भिंतीवर तासन् तास आपटत राहते. माथ्यावर तिला कसलाच आडोसा नसतो. शिवाय सपाटीसाठी उतार खणला, तर मोकळी झालेली माती पहिल्या काही पावसाळ्यांतच खाली वाहून जाईल आणि तिच्याबरोबर काजूच्या मुळांचा आधारही जाईल.

आपली कुटी त्या गोठ्याच्या जोत्यावरच व्हावी. ज्यांनी तो गोठा बांधला, त्यांनी वारा आणि पाणी कोठून येते हे पाहूनच जागा निवडली असणार, आणि इतक्या वर्षांत जोते खचलेले नाही हाच त्याचा पुरावा आहे. नवा चिरा आणायचा म्हणजे कोणत्या तरी सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, खाणीचा खड्डा पाडायचा. आपल्याकडचा चिरा मात्र आधीच निघालेला आहे आणि जांभा हवेत राहून कठीण होत जातो, त्यामुळे तो नव्यापेक्षा उणा नाही. भिंती चुन्यात बांधाव्यात आणि गिलावाही चुन्याचाच करावा. जांभा सच्छिद्र असल्याने ओल धरतो. सिमेंटच्या गिलाव्याआड ती ओल कोंडते, चुन्यातून मात्र ती बाहेर पडू शकते. सांधे पूर्ण भरून घ्यावेत, कारण आपल्या भागात फुरसे हा विषारी साप पुष्कळ असतो आणि त्याला दगडांच्या फटी आवडतात. त्याच कारणासाठी उरलेल्या दगडांचा ढीग किंवा गडगा (रचलेल्या दगडांचा बांध) कुटीला लागून ठेवू नये.

छपराचा प्रश्न मात्र अवघड आहे. नुसत्या पत्र्यावर आषाढातल्या पावसाचा आवाज एवढा होतो की शेजारी बसलेल्याचे बोलणेही ऐकू येत नाही, आणि एप्रिलमध्ये त्याखाली बसवत नाही. नुसती कौले घातली तर माकडे ती फोडतात, आणि दर वर्षी मे महिन्यात शाकारणीला, म्हणजे कौले नीट लावून घ्यायला, कोणीतरी हजर असावे लागते. मी माझ्या घरी पत्र्यावर रिपा (लाकडी पट्ट्या) ठोकून त्यांवर मंगलोरी कौले बसवली. मधल्या पोकळीमुळे आवाज आणि उष्णता दोन्ही पुष्कळ कमी झाली. वळचण मोठी ठेवावी, म्हणजे पागोळ्या जोत्यापासून निदान दोन फूट लांब पडतील.

मौनी :
मी फक्त आतल्या जागेविषयी लिहितो, कारण गेली अनेक वर्षे तीच माझ्या आस्थेची बाब आहे. पूर्ण काचेच्या भिंतीसमोर डोळे मिटून बसायचे असेल, तर ती भिंत कशासाठी, याचा विचार करावा. सकाळचे ऊन थेट चेहऱ्यावर येते, रात्री दिव्याच्या उजेडाने किडे काचेवर जमतात, आणि पाखरे आपटून मरतात ते वेगळेच. जमिनीवर बसलेल्या माणसाची नजर साधारण अडीच फुटांवर असते. म्हणून पूर्वेच्या भिंतीत दीड फुटावर सुरू होणारी, झडप लावून पूर्ण बंद करता येणारी एकच रुंद खिडकी पुरेशी आहे. दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत कोरी ठेवावी. वारा वाहता राहण्यासाठी उत्तरेला छपराजवळ जाळीचा झरोका असावा. शक्य झाल्यास एकदा मुंबईतल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना जाऊन तेथील भिक्षूंच्या खोल्या निवांत पाहाव्यात. दगडी ओटा, एक दार आणि बाहेर खडकात खोदलेली पाण्याची टाकी, जिला तेथील शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी राहण्यासाठी, भिक्षूंचे एवढ्यावर भागत असे.

डोंगरवाट :
काचेचा आणि माथ्याचा हट्ट मी सोडला आहे. बांबू मात्र पूर्ण सोडवत नाही; तो कोठे वापरता येईल? पाणी आणि शौचालय यांचे काय करावे?

माणगा :
बांबू पावसाच्या माऱ्यापासून दूर, म्हणजे पूर्वेच्या पडवीत आणि आतल्या माळ्यासाठी वापरावा. आपल्याकडचा माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो आणि त्याला काटे नसतात, म्हणून तोच घ्यावा. तीन वर्षांहून जून झालेला बांबू पावसाळा संपल्यावर थंडीत तोडावा आणि बोरॅक्स व बोरिक आम्ल यांच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवावा. मी घाईने मे महिन्यात तोडलेला, प्रक्रिया न केलेला बांबू पडवीला लावला आणि पुढच्याच वर्षी त्यातून भुग्याची पांढरी पूड गळू लागली. अखेर सगळा काढून टाकावा लागला.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. पडवीसह छप्पर २० चौरस मीटर धरले, तर त्यावर वर्षाला सुमारे ६०,००० लिटर पाणी पडते. एका माणसाला दिवसाला ४० लिटर धरले, तरी उन्हाळ्यातल्या आठवड्याभराच्या दोन मुक्कामांना ६०० लिटरही लागणार नाहीत. त्यामुळे १००० लिटरची झाकणाची टाकी पुरेल. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी मात्र बाहेर सोडून द्यावे. शौचालयासाठी कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे संस्थापक अप्पासाहेब पटवर्धन यांनी रुजवलेली खताच्या संडासाची, म्हणजे मैल्याचे खत करणाऱ्या संडासाची, कल्पना आजही उपयोगी आहे. तो कुटीच्या खालच्या अंगाला आणि विहिरीपासून दूर असावा. फेब्रुवारीपूर्वी कुटीभोवतीचे गवत कापून जाळरेषा काढण्यास विसरू नये, कारण वणवा काजूच्या बागेतून फार लवकर पसरतो.

चिरेबंदी :
एक राहिले. काम दिवाळीनंतरच सुरू करावे. त्याआधी येत्या जुलैमध्ये एखादा दिवस त्या जोत्यावर उभे राहून वरच्या अंगाने पाणी कोठून येते ते पाहावे, तेथे खुंट्या ठोकून ठेवाव्यात आणि पाऊस ओसरल्यावर पाणी वळवणारा पहिला चर त्याच रेषेवर खणावा.