मायक्रोफ्लुइडिक चिप: पदार्थ बदलू की रचना? सल्ला हवा

सूक्ष्मधारा: नमस्कार. औषधाचं प्रमाण मोजण्यासाठी चिप (केसासारख्या बारीक वाहिन्यांतून द्रव नेणारी पट्टी) बनवतेय. एसयू-८ (प्रकाशाने घट्ट होणारं रेझिन) च्या साच्यावर पीडीएमएस (पारदर्शक सिलिकॉन रबर) ओतून ते प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) काचेला जोडलंय. वाहिनी १०० मायक्रॉन रुंद, ५० खोल. औषध पाण्यात फारसं विरघळत नाही. आत सोडलेल्या द्रावणापेक्षा बाहेर आलेल्यात ते नेहमी कमी भरतं. त्यात यूव्ही शोषणाचा (औषध किती अतिनील प्रकाश शोषतं त्याचा) सिग्नलही जेमतेम. कुठून सुरुवात करू?

काचनळी: पदार्थापासून. पाण्याशी न जमणारे लहान रेणू पीडीएमएसच्या नुसते पृष्ठभागावर राहत नाहीत, आत मुरतात आणि पुढच्या नमुन्याच्या वेळी हळूहळू बाहेर येतात. म्हणजे आकडा कमी येतो तो येतोच, शिवाय एका नमुन्याचं औषध दुसऱ्यात मिसळतं. औषध विश्लेषणात हे चालवून घेऊच नका.

खात्री करायला तेच द्रावण चिपमध्ये आणि काचेच्या बाटलीत सारखा वेळ ठेवून दोन्ही मोजा. फरक दिसला तर काच किंवा सीओसी या कडक पारदर्शक प्लास्टिककडे वळा. सीओसी अॅसिटोनाइट्राइल हे द्रावक सहन करतं, हेक्झेन मात्र नाही.

प्रकाशवाट: सिग्नलचं कारण वेगळं आहे. क्युव्हेटमध्ये (नेहमीच्या मोजणीच्या पारदर्शक पात्रात) प्रकाश १ सेंमी द्रावणातून जातो, तुमच्याकडे उभा टाकलात तर ५० मायक्रॉनमधून. २०० पट कमी! बीअर-लँबर्टच्या नियमाने शोषणही तितकंच घटणार. वाहिनीच्या लांबीच्या दिशेने प्रकाश सोडता आला तर बघा. रेणू चमकणारा असेल तर फ्लुरोसन्स, ऑक्सिडीकरण होणारा असेल तर इलेक्ट्रोड. मी तरी मोजणीची पद्धत ठरल्याशिवाय वाहिनी आखत नाही.

सूक्ष्मधारा: दोघांचे आभार, बाटलीची चाचणी आधी करते. अभिकर्मकही (औषधाशी अभिक्रिया करणारं रसायन) चिपमध्येच मिसळायचाय. दोन प्रवाह नुसते शेजारी सोडले तर पुरेल?

काचनळी: इतक्या अरुंद वाहिनीत प्रवाह स्तरीय असतो (थर न घुसळता शेजारून वाहतात), मिसळणं फक्त विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरून. लहान रेणूला १०० मायक्रॉन ओलांडायला साधारण १० सेकंद, प्रथिनाला त्याहून कितीतरी जास्त. अंतर निम्मं केलं तर वेळ चौथाई होतो, म्हणून प्रवाह पातळ थरांत विभागा. किंवा तळाशी तिरक्या खाचा घ्या; हेरिंगबोन मिक्सर २००२ पासून याचसाठी वापरात आहे. आणि द्रावणं आधी डीगॅस करा (त्यातली विरघळलेली हवा काढा), एक बुडबुडा अडकला तरी प्रवाह बिघडतो.

सूक्ष्मधारा: मग पीडीएमएस टाकूनच देऊ का?

प्रकाशवाट: नको, नको! पाण्यात विरघळणारा रंग घेऊन खाचांची आखणी त्यातच तपासा. नवा साचा झटपट होतो. आखणी पक्की झाली की मगच सीओसीसाठी धातूचा साचा करायला द्या.